चारशे एकतिसाव्या पानावर

शेरेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पोटापाण्यासाठी ते एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचे आणि हौसेखातर वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकं तपासायचे. रक्ताचे रिपोर्ट कुणी लक्षात ठेवत नाही. पुस्तकांवरचे शेरे मात्र लोकांच्या तोंडी बसले आणि त्यावरून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. लॅबमधले डॉक्टरसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारायचे.

बावीस वर्षं ते 'दोन पुठ्ठ्यांच्या आत' हे सदर लिहीत होते. अर्धं पान, नऊशे शब्द, खाली सही. माणूस सरळ होता. पुस्तक फुकट मिळालं म्हणून त्यांनी कुणाची भलामण केली नाही, की ओळखीचा आहे म्हणून कुणाला सांभाळून घेतलं नाही. एकदा सख्ख्या साडूच्या कवितासंग्रहावर त्यांनी असं काही लिहिलं की बायकोच्या माहेरी दोन वर्षं त्यांना कुणी बस म्हणालं नाही. त्यांनी झोडपलं की लेखक चार दिवस घराबाहेर पडत नाही, अशी वदंता होती. ती वदंता त्यांना मनातून आवडायची. हे मात्र त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, अगदी स्वतःजवळसुद्धा नाही.

'आठवी खिंड' त्यांच्या टेबलावर आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ती हातात तोलून पाहिली. सहाशे त्रेचाळीस पानं. डोंगरांनी वेढलेलं एक काल्पनिक राज्य, सात घाट, सात पहारे, बोलणारे दगड, गादीवरून चाललेली तीन घराण्यांची झोंबाझोंबी. आणि हा म्हणे नुसता पहिला खंड, पुढे आणखी चार येणार. लेखिकेचं हे पहिलंच पुस्तक. मलपृष्ठावर लिहिलं होतं की ती बस आगारात वेळापत्रकं आखण्याचं काम करते आणि ही कादंबरी तिने नऊ वर्षं लिहिली.

"पाच खंड," शेरेबुवा बायकोला म्हणाले. "ही गोष्ट आहे की धमकी?"

बायको कारखान्याच्या कँटीनची देखरेख करायची. तिला पुस्तकांचं फार नव्हतं. ती म्हणाली, "वाचा तर आधी."

त्यांनी वाचायला घेतलं. सुरुवात खरं तर चांगली होती. एका नालबंदाची मुलगी आहे. बापाबरोबर ती पहाऱ्याच्या घोड्यांना नाल ठोकते, आणि दगडावर कान टेकवला की तिला डोंगराच्या पोटातलं पाणी ऐकू येतं. पहिली तीनशे पानं ही मुलगीच पुस्तक ओढून नेते. तीनशे दोनाव्या पानावर ती दरीत कोसळते, आणि तिथून गोष्ट राजधानीत जाते. दरबार, मसलती, कोण कुणाचा मावसभाऊ. मुलीचं नाव नाही. साडेतीनशे झाली, नाही. तीनशे ऐंशीव्या पानाच्या आसपास कधीतरी शेरेबुवांच्या डोक्यात एक वाक्य तयार झालं, आणि ते इतकं बेतलेलं होतं की त्यांना हसू आलं. त्यांनी ते वहीत उतरवून ठेवलं. त्यानंतर त्यांचं वाचन बदललं. मुलगी येते का, हे ते पाहत होतेच. पण ती येऊ नये, असंही त्यांना वाटायला लागलं होतं.

चारशे एकतिसाव्या पानावर सेनापतीने मसलतीत दुसऱ्यांदा नकाशा उलगडला, आणि शेरेबुवांनी पुस्तक मिटलं. गुरुवारी मजकूर द्यायचा होता. शेवटची आठ पानं त्यांनी चाळली. तिथे म्हातारा राजा किल्ल्याच्या सज्जात उभा राहून कसली तरी बातमी येण्याची वाट पाहत होता. मुलगी तिथेही नव्हती. शेरेबुवांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लिहायला बसले.

रविवारी परीक्षण छापून आलं. मथळा होता 'विसरलेली मुलगी', आणि शेवट त्या बेतलेल्या वाक्याने केलेला होता: पहिल्याच खंडात आपली नायिका विसरणाऱ्या लेखिकेने वाचकांना मात्र पुढचे चार खंड लक्षात ठेवायला सांगितलं आहे.

सकाळपासून फोन. एक जुना कथाकार म्हणाला, "झकास हाणलंत. असल्या जाडजूड बाडांना कुणीतरी वेसण घालायलाच हवी होती." पुढच्या तीन आठवड्यांत आणखी तीन परीक्षणं आली. एक मासिकात, एका प्राध्यापकांचं. एक रेडिओवर. एक इंटरनेटवर. तिघांनीही तेच म्हटलं: लेखिका आपल्या नायिकेला विसरली. रेडिओवाल्याने तर शेरेबुवांचं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं. शेरेबुवांना त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. चार जणांना एकच गोष्ट दिसली म्हणजे ती तिथे असणारच.

मग बायकोचा पाय मोडला. कँटीनच्या ओल्या फरशीवर ती घसरली आणि घोटा गेला. सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या आठवड्यात तिने घरातले सगळे खण आवरले, दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला आवरायला घेतलं, आणि तिसऱ्या आठवड्यात दोघांच्याही भल्यासाठी टेबलावरचं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. ती सावकाश वाचायची, ओळीखाली बोट धरून, एकही पान न गाळता.

बुधवारी शेरेबुवा सकाळची पाळी संपवून तीनच्या सुमाराला घरी आले. बायको खिडकीपाशी पाय उशीवर टाकून बसली होती. पुस्तक मांडीवर उघडं होतं, शेवटचे थोडेच कागद उजव्या हाताला उरले होते.

"अहो," ती म्हणाली, "तुमची ती मुलगी सापडली."

"कुठली मुलगी?"

"विसरलेली. ती काय, पाण्यातून आत गेली, डोंगराच्या पोटात. एवढे दिवस तिकडेच होती. आता हिनेच आठवी खिंड उघडली, बघा. पान पाचशे अठ्ठ्याऐंशी."

शेरेबुवा चपला काढत होते. एक निघाली होती, दुसरी पायातच राहिली.

"दुसरी कुणी असेल," ते म्हणाले.

"नालबंदाची मुलगी हो. बापाची हातोडी आहे तिच्या कमरेला. दुसरी कशी असेल?" तिने मान वर केली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज हळू झाला. "तुम्ही वाचलं नव्हतं?"

त्यांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, तिची खूण हरवू नये म्हणून तिथे बोट घातलं, आणि तसेच एक चप्पल घालून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून त्यांनी उभ्याउभ्या ते प्रकरण वाचलं. मुलगी होती. बावीस पानं होती. आणि वाईट म्हणजे ती बावीस पानं फार चांगली होती. अंधारात ती दगडावर हातोडी मारते, आवाज कुठून परत येतो ते ऐकते, आणि त्या अंदाजाने एकेक पाऊल टाकते. वाचता वाचता शेरेबुवांच्या अंगावर काटा आला. तो कशाने आला हे त्यांना सांगता आलं नसतं. लिहिणारीच्या हातामुळे की स्वतःच्या करणीमुळे.

मग त्यांनी चारशे बत्तीसपासून उरलेलं सगळं वाचून काढलं. संध्याकाळ गेली, दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली. आता दिसत होतं: म्हातारा राजा सज्जात उभा राहून वाट पाहत होता ती या मुलीच्याच बातमीची. दोनशे शहाऐंशी पानं लेखिकेने तिला लपवून ठेवलं होतं, विसरली नव्हती. पुस्तकात दोष होते. दरबाराची मसलत लांबली होती. तीन घराण्यांच्या नावांचा गोंधळ होता. लढाईत एका सरदाराचा उजवा हात तुटतो आणि पुढच्या प्रकरणात तो उजव्या हाताने पत्र लिहितो. हे खरे दोष. त्यांतला एकही त्यांच्या परीक्षणात नव्हता. जो होता तो पुस्तकात नव्हता.

गुरुवारी दुपारी त्यांनी पुरवणीच्या संपादकांना फोन केला. संपादक वयाने लहान, बोलायला मोकळा.

"कुणी पकडलं का?" त्याने पहिला प्रश्न हा विचारला.

"अजून तरी नाही."

"मग झालं तर. दोन महिने होत आले त्याला. आता तुम्ही दुरुस्ती छापलीत तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळणार. हाताने धोंडा पायावर कशाला पाडून घेताय?"

"पण ते खोटं आहे."

"चूक आहे," संपादक म्हणाला. "खोटं आणि चूक यांत फरक असतो. आणि शनिवारी वाचनालयात त्याच पुस्तकावर चर्चा आहे, कार्यक्रम आपल्या पेपरचा आहे, लेखिका येणार आहे, हे विसरू नका. तुम्ही भाषेवर बोला. वीस मिनिटं नुसती भाषा. मुलीचा विषय काढूच नका. ती बाई काही बोलणार नाही, नवखे लोक बोलत नाहीत."

शेरेबुवांनी फोन ठेवला. बायको ऐकत होती.

"काय म्हणाला?"

"भाषेवर बोला म्हणाला."

"मग?"

"बघू."

"बघू काय बघू?" ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. त्यांना तेच जास्त लागलं. भांडली असती तर भांडणात काही तरी उत्तर सापडलं असतं.

शुक्रवारी लॅबमध्ये त्यांचं लक्ष लागेना. मागच्या वर्षी एका नव्या तंत्रज्ञ मुलीने रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली न ठेवताच रिपोर्टमध्ये 'नॉर्मल' लिहिलं होतं. शेरेबुवांनी तिला सगळ्यांसमोर बोलून बोलून रडवलं होतं. "न पाहता लिहायचं असेल तर घरी बसून लिहा," हे त्यांचं वाक्य. ती मुलगी आता पलीकडच्या टेबलावर बसून नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. तिने विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "बरं आहे," आणि हातातली नळी तिसऱ्यांदा तपासली.

शनिवारी पाचला कार्यक्रम. बायको म्हणाली, "मी येणार." त्यांनी प्लास्टरचं कारण काढलं, जिन्याचं काढलं. तिने कुबडी काखेत घेतली आणि दारात जाऊन उभी राहिली.

वाचनालयाचा सभागृह म्हणून वापरायचा मोठा खोलीवजा हॉल पहिल्या मजल्यावर होता. घडीच्या खुर्च्या, मधूनच शिट्टी मारणारा माइक, टेबलावर झाकण ठेवलेले पाण्याचे पेले. पन्नासेक माणसं जमली होती. लेखिका टेबलाच्या डाव्या टोकाला बसली होती. चाळिशी ओलांडलेली, बारीक, करड्या रंगाचं जाकीट, पुढ्यात एक छोटी वही. ती कुणाकडे पाहत नव्हती आणि कुणाला टाळतही नव्हती. पहिल्या रांगेत एक ठेंगण्या बाई मांडीवर मोठी पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ओळख करून दिली, "या लेखिकेच्या सासूबाई." सासूबाईंनी शेरेबुवांना नमस्कार केला नाही. त्यांच्या पिशवीतून 'आठवी खिंड'चा कोपरा बाहेर आला होता, आणि पानांतून जुन्या बसतिकिटांच्या कितीतरी खुणा डोकावत होत्या.

आधी मासिकातले प्राध्यापक बोलले. आवाज भारदस्त, हातवारे मोठे. महाकाव्यात्म रचना म्हणजे काय, अद्भुताची परंपरा म्हणजे काय, हे सांगून झाल्यावर ते पुस्तकाकडे आले. "या रचनेतल्या मूळ दोषावर शेरेबुवांनी नेमकं बोट ठेवलंच आहे," ते म्हणाले. "नालबंदाची मुलगी. जिच्यावर सगळा डोलारा उभा, तीच लेखिकेच्या हातून निसटली."

"पाचशे अठ्ठ्याऐंशी," पहिल्या रांगेतून आवाज आला.

प्राध्यापक थांबले. "काही म्हणालात?"

"आकडा सांगितला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, राहू द्या," लेखिका म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण त्यात विनंतीही नव्हती. सासूबाईंनी पिशवीवरची पकड घट्ट केली.

"प्रश्न शेवटी घेऊ या," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. प्राध्यापकांनी तो आकडा काय होता ते विचारलं नाही. ते पुन्हा परंपरेकडे वळले.

शेरेबुवांची नजर मात्र त्या पिशवीवरून हलेना. म्हणजे यांना माहीत होतं. माहीत असणारच, पुस्तक त्यांचं. दोन महिने या दोघी चार-चार माणसांचं तेच धादांत खोटं वाचत होत्या, ऐकत होत्या, आणि कुणाला पत्र नाही, फोन नाही. आणि आता शेवटी प्रश्न होतील, सासूबाई उठतील, पिशवीतून पुस्तक काढतील. त्यांनी हॉलच्या मागच्या बाजूला पाहिलं. संपादक शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने दोन बोटं ओठांना लावली आणि हलकेच मान हलवली. भाषा. बायको कडेच्या खुर्चीत कुबडी आडवी धरून बसली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माइककडे बघत होती.

त्या दिवशी हा आकडा कुणी उच्चारला नसता तर आपण काय केलं असतं, हे शेरेबुवांना पुढे कधीच ठरवता आलं नाही. त्यांनी बायकोलाही एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मला काय विचारता?"

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. खिशात भाषेवरच्या टिपणाचे चार कागद होते. ते त्यांनी काढले, टेबलावर ठेवले आणि त्यांच्यावर पाण्याचा पेला ठेवला.

"मी हे पुस्तक पुरतं न वाचता त्यावर लिहिलं," ते म्हणाले.

माइकने शिट्टी मारली. ग्रंथपाल बाईंनी उठून बटण फिरवलं.

"चारशे एकतीस पानं वाचली. शेवटची आठ चाळली. मधली दोनशेचार वाचली नाहीत. नालबंदाची मुलगी पाचशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर परत येते. लेखिका तिला विसरलेली नाही. मी जे छापलं ते खरं नव्हतं. बुधवारपर्यंत मला ते माहीत नव्हतं, कारण मी वाचलं नव्हतं. बुधवारपासून माहीत आहे."

कुणीतरी खोकलं. प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला होता. "मी शेरेबुवांच्या... म्हणजे त्यांच्या अधिकारावर विश्वास ठेवला," ते म्हणाले. मागच्या रांगेत एकजण हसला आणि त्याने ते हसू रुमालात लपवलं.

मग तिसऱ्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. दर रविवारी सदर वाचून कात्रण ठेवणाऱ्यांपैकी. "मी तुमच्या शब्दावर पुस्तकं घेतली आहेत," ते म्हणाले, "आणि सोडलीही आहेत. बावीस वर्षं. मला एवढंच सांगा, अशी आणखी किती?"

हे उत्तर शेरेबुवांनी ठरवलेलं नव्हतं. 'हे एकच' म्हणणं सोपं होतं. कुणी पडताळायला जाणार नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता तीही पाहत होती.

"तीन," ते म्हणाले. "हे धरून चार."

गृहस्थ बसले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि मग खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेले. त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ऐकू आली. शेरेबुवांनी उरलेली पंधरा मिनिटं पुस्तकावर बोलून काढली. काय चांगलं आहे ते सांगितलं, मसलत लांबली आहे ते सांगितलं, सरदाराचा तुटलेला हातही सांगितला. तिथे लेखिकेने पहिल्यांदा मान वर केली आणि वहीत काहीतरी लिहिलं. टाळ्या वाजल्या नाहीत. संपादक केव्हाच निघून गेला होता.

कार्यक्रम संपल्यावर ती त्यांना जिन्याच्या तोंडाशी भेटली. पाण्याच्या टाकीशेजारी. सासूबाई दोन पावलं मागे.

"मला तुमची माफी..." त्यांनी सुरुवात केली.

"ते नंतर," ती म्हणाली. "चारशे एकतीस म्हणजे दरबाराची मसलत. नेमकं कुठे?"

"सेनापती दुसऱ्यांदा नकाशा उलगडतो तिथे."

तिने वहीत लिहिलं. "का सोडलंत?"

"मजकूर द्यायची मुदत..."

ती थांबून राहिली. आगाराच्या खिडकीपलीकडे लोकांची कारणं ऐकून घेताना ती अशीच थांबत असणार. शेरेबुवांना ती मुदत स्वतःलाच पोकळ वाटली.

"कंटाळा आला," ते म्हणाले. "आणि माझ्याकडे एक चुरचुरीत वाक्य तयार होतं. पुढे वाचलं असतं तर ते वाया जाईल अशी भीती होती."

लेखिकेने पेन वहीत ठेवून वही मिटली.

"कंटाळ्याचं मी बघते," ती म्हणाली. "दुसरं तुमचं तुम्ही बघा."

"तुम्ही कळवलं का नाहीत? एक पत्र टाकलं असतंत तर..."

"आणि काय लिहायचं? नवखी लेखिका परीक्षण झोंबलं म्हणून रडते, असंच वाचलं असतंत ना तुम्ही?" आता तिचा आवाज थोडा हलला. "दुसरा खंड लिहून तयार आहे. मासिकातलं आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रकाशक म्हणाले, थांबू या. दुकानांतून गठ्ठे परत यायला लागलेत म्हणाले. नऊ वर्षं मी पहाटे चारला उठून लिहिलं, पाळीवर जायच्या आधी. तुम्हाला पुस्तक नावडलं असतं तर मी झोपले असते हो निवांत. नावडू शकतं. पण तुम्ही ते नावडवून घेतलंत."

सासूबाई पुढे आल्या.

"तुमचं कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय," त्या म्हणाल्या.

"आता काढून टाका ते," शेरेबुवा म्हणाले.

"छे. का म्हणून? खाली तुमचं आजचं बोलणं लिहून ठेवीन. तारीख घालून." आणि त्या सुनेचा दंड धरून जिना उतरायला लागल्या, कोण कुणाला उतरवत होतं ते कळत नव्हतं.

घरी जाताना टॅक्सीत बायको प्लास्टरचा पाय सांभाळत बसली. कुबडी दोघांच्या मध्ये उभी होती. मग म्हणाली, "उरलेली तीन कुठली?" त्यांनी सांगितली. त्यांतलं एक साडूच्या कवितांचं होतं.

"तेही नाही वाचलंत?"

"निम्मं वाचलं होतं."

"माहेर तुटलं होतं माझं दोन वर्षं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या रात्री तिने त्यांच्याशी शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फक्त औषधाची गोळी मागितली.

सोमवारी शेरेबुवा प्रकाशकाकडे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, परत लिहून द्यायची तयारी दाखवली. प्रकाशक सभ्य माणूस होता, त्याने चहा मागवला. "तुमचं मन मोठं," तो म्हणाला. "पण दुकानदार परीक्षण एकदाच वाचतो. दुरुस्ती वाचायला त्याला वेळ नाही. गोदामात आठशे प्रती पडल्यात. पहिला खंड पडलेला असताना दुसरा कुठल्या तोंडाने काढू?" शेरेबुवांना वाटलं होतं, आपण खरं बोललो की बिघडलेलं निदान थोडं तरी जागेवर येईल. तसं काही झालं नाही. वर्तमानपत्राने शब्दकोड्याखाली तीन ओळींची दुरुस्ती छापली, त्यात पुस्तकाचं नाव चुकलं. पुढच्या महिन्यात 'दोन पुठ्ठ्यांच्या आत' हे सदर प्राध्यापकांकडे गेलं.

शेरेबुवा लॅबमध्ये जात राहिले. त्या तंत्रज्ञ मुलीला त्यांनी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बोलावून सांगितलं, की त्या दिवशी मी तुला बोललो ते बरोबर होतं, पण ते बोलायचा अधिकार मला नव्हता. तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, "सर, मी तर विसरूनही गेले." ती विसरलेली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. साडूकडेही ते जाऊन आले. साडूने कविता केव्हाच सोडल्या होत्या आणि तो विषय त्याला नको होता. दोघांनी बागेतल्या वाळवीबद्दल तासभर गप्पा मारल्या. बायको मात्र त्या दिवसानंतर हळूहळू बोलायला लागली. पूर्वीसारखं नव्हे. पूर्वी ती त्यांचा शब्द ऐकून गप्प बसायची. आता विचारायची, "वाचलंय का?"

'आठवी खिंड' हळूहळू, कुणाच्या मदतीशिवाय, थोडी वाचली गेली. वाचनालयात तिच्यासाठी नाव लावायला लागायचं, असं ग्रंथपाल बाई सांगायच्या. लोक ती एकमेकांना देत होते आणि कदाचित म्हणूनच विकत घेत नव्हते. अडीच वर्षांनी एका छोट्या प्रकाशनाने दुसरा खंड काढला. पाचशे प्रती, पातळ कागद, साधं मुखपृष्ठ. कुठल्याही पुरवणीत त्याच्यावर ओळ आली नाही. ना चांगली, ना वाईट. लेखिकेने शेरेबुवांना प्रत पाठवली नव्हती. ते स्वतः दुकानात गेले, दुकानदाराला शोधायला लावली आणि घेऊन आले. बायकोने आधी वाचली. मग त्यांनी, पहिल्या पानापासून पाचशे बाराव्या पानापर्यंत, ओळीखाली बोट धरून. दरबाराची मसलत या खंडातही होती, पण ती चार पानांत संपत होती.

परीक्षण छापायला आता जागा नव्हती. म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. आगाराच्या पत्त्यावर, दोन्ही बाजूंनी भरलेले सहा कागद. काय आवडलं, कुठे श्वास अडकला, कुठे नावांचा गोंधळ अजून होतो. लिहिताना एक-दोन चुरचुरीत वाक्यं सुचली, ती त्यांनी खोडली. शेवटी लिहिलं की दोनशे दहा ते दोनशे चाळीस ही पानं रेंगाळतात, मी ती पुरी वाचली आहेत, तरी रेंगाळतात.

महिन्याभराने एक कार्ड आलं. त्यावर आभार नव्हते. लिहिलं होतं: "सासूबाईंचंही त्या पानांबद्दल हेच म्हणणं आहे, आणि आता त्या रोज मला ऐकवतात. तिसरा खंड अर्धा झाला आहे. झाला की हस्तलिखित पाठवेन. दोन महिने लागले तरी चालतील, पण पूर्ण वाचा."

कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये रजेचा अर्ज दिला. हस्तलिखित अजून यायचं होतं, तरी दिला. बायको म्हणाली, आधी बाड तरी येऊ दे. ते म्हणाले, येईल तेव्हा घाईत नको.